साहेब, पुढं सरका

...अन् वरून म्हणते काय, "लटारू, कुत्रं लय शांत हाये!" शांत? अहो जी, हा अंगठा पाहा. मांगच्या बाकावरच्या बाई, तुमाले दिसते का तिथून? नसन दिसत तं पुढं या, लाजू नका. हे चार दात इथी, अन् हा एक तिकडं अंगठ्याच्या मांगं, म्हणजे मी हात सोडवाले गेलो तवा त्यानं पुन्हा नीट धरला... पाच सुया घेतल्या मी दवाखान्यात, पाच, अन् दर बारीले थे नर्सबाई विचारे, कुत्रं कोणाचं, अन् मी मान खाली घालून सांगो, माहंच जी. लोकाईले दुसऱ्याचं कुत्रं चावते, मले माहं चावलं, अन् थे बी मुळात माहं नोयच, देवरावचं होतं! तुमाले सांगतो, देवरावले सोडत नाई मी.

तुमी म्हणान हा देवराव कोण. डायवर. मी कंडक्टर. एसटीत एकतीस वर्षं काढली मी, त्यातली शेवटची चौदा या माणसाच्या मांगं. गडचिरोली ते एटापल्ली, एटापल्ली ते गडचिरोली, तेच खड्डे, तेच वळण, अन् शेवटी शेवटी तं समोरून सूरजागडचे लोखंडी मातीचे ट्रक, म्हणजे घरून निघालो खाकीत अन् परत आलो लालमंदी. दोघंबी एकाच गावचे, घरं बी समोरासमोर, म्हणजे नोकरीवर त्याचं डोस्कं पाहा अन् घरी आलं का त्याचं तोंड पाहा. तरी बी मी कधी काई म्हटलं नाई. मंग दोघाईचा निरोप समारंभ एकाच दिवशी झाला, डेपोत, हारतुरे झाले, अन् या माणसानं माईक घेऊन भाषण केलं. काय म्हणते, गाडी डायवर चालवते, लटारू तं मांगं बसून घंटी वाजवत होता. सारा डेपो हासला जी. माही बायको गुणाबाई, तिच्या हातात जिलबी होती, थे बी हासली! जिलबी खाता खाता हासली!

आता तुमीच सांगा, गाडी कोणाच्या घंटीनं हालते? डबल घंटी वाजल्याबिगर याचा पाय ब्रेकवरून निघत होता का? पण हे सांगाले मले माईक भेटला नाई, अल्पोपहार सुरू झाला. तीन वर्षं झाले त्या गोष्टीले. लोकं इसरले, डेपो इसरला, मी नाई इसरलो. देवरावले सोडत नाई मी.

त्यात मांगच्या होळीच्या आधी त्याची बायको गेली, केसरबाई. बाई मात्र सोन्यासारखी होती, खोटं काऊन बोलू. दोन दिवसाचा ताप काय आला अन् गेली बिचारी. मी भांडण बाजूले ठेवलं, खांदा देला, तेरवीत वाढाले बी उभा राह्यलो. अन् तेरवीच्या चौथ्या दिवशी पाह्यतो तं देवराव माह्या आंगणात उभा, मांगं केसरबाईचं कुत्रं. हातात दोरी नाई, साखळी नाई, भाकरीचे तुकडे टाकत टाकत आणलं होतं त्यानं. तवाच मले समजाले पायजे होतं का याच्या हातात दोरी काऊन नाई! पण माणूस दुःखात हाये म्हणून मी काई इचारलं नाई. थो म्हणते, मले याच्याकडं पाहवत नाई, तू ठेव, लय शांत हाये. मले दया आली जी. मी म्हटलं ठेवतो, अन् कुत्र्याच्या मानेवर मायेनं हात ठेवला...

अंगठा तुमी पाह्यलाच.

बरं, माणसानं माफी मागावी का नाई? मी हाताले पट्टी बांधून पानठेल्यावर गेलो तं हा तिथी बसला होता, चार लोकं जमा होते, अन् म्हणते काय का कुत्र्याची चूक नाई, कुत्र्याले पुढारपणाचा माणूस लागते. लटारू जनमभर मांगं बसला, त्याले काय समजते पुढारपण. घ्या! कुत्रं त्याचं, दात त्याचे, अन् पुढारपण माह्यात नाई!

मंग पोळ्याच्या आधी ग्रामसभा भरली. त्यात माह्या अंगठ्यावर चर्चा झाली, तासभर. सरपंच नूतनबाईनं फैसला केला का दिवाळीनंतर शाळेच्या पटांगणात ढोराच्या दवाखान्याचं शिबिर हाये, तिथी ज्या कुत्र्याले मालकानं सोताच्या हातानं धरलं अन् सुई टोचू देली, थे कुत्रं गावात राहीन. नाई तं तारेचा फासा लावून पकडू अन् नदीच्या पल्याड जंगलात सोडून देऊ. आता नदीपल्याड म्हणजे काय थे तुमाले समजते, तुमी इकडचेच हा. तिकडं बिबट्या हाये, अन् बिबट्याले कुत्र्यापरीस काईच गोड लागत नाई. म्हणजे सोडून देऊ म्हणजे वाढून देऊ. मी काई बोलाच्या आत देवराव उठला अन् साऱ्या सभेपुढं म्हणे, लटारूच्यानं हे होणार नाई, मी आजच लिहून देतो.

मी घरी आलो. थे कुत्रं दारात बसलं होतं, समोरच्या घराकडं तोंड करून. मी त्याले म्हटलं, आता तूच माही इज्जत हायेस, अन् मीच तुहा जीव. त्यानं माह्याकडं पाह्यलं बी नाई. पण देवरावले सोडत नाई, हे मी त्याच दिवशी पक्कं केलं.

आता खरी पंचाईत ऐका. त्या कुत्र्याचं नाव काय? साहेब! केसरबाईनं ठेवलं होतं, काऊन का थे लहानपणापासूनच उंबरठ्यावर पाय लांब करून बसे अन् येणाऱ्या जाणाऱ्याकडं असं पाहे का तुमचा अर्ज कुठी हाये. आता तुमीच इचार करा, मी एकतीस वर्षं साहेब म्हटलं का उभा राह्यलेला माणूस. चेकिंगचे साहेब, डेपोचे साहेब, आगाऊ रजेचे साहेब. साहेब हा शब्द तोंडातून निघाला का माह्या टाचा आपोआप जुळते. त्याले "बस" म्हणू कसा? मी लय जोर लावला. "साहेब... ब..." निघतच नाई. शेवटी निघालं काय? "साहेब, बसा." अन् बसा म्हटल्यावर कोणता साहेब बसते? साहेब आपल्या मर्जीनं बसते. म्हणजे मी आंगणात हात बांधून उभा, अन् साहेब माह्या पायताणावर झोपलेले. गुणाबाई दारातून इचारे, काऊन जी, रजेचा अर्ज देऊन राह्यले का?

नाव बदलून पाह्यलं. राजा म्हटलं, कान हालवला नाई. टायगर म्हटलं तं मलेच भेव वाटलं, आपल्या इकडं खऱ्यानं आयकलं तं थो येऊन उभा राहीन. आठ दिवसात मी साहेबावरच परत आलो.

मंग गावातले सल्ले सुरू झाले. प्रफुलच्या किराणा दुकानात गेलो तं प्रफुलनं मोबाइलवर एक माणूस दाखवला, दंडावर चित्रं काढलेला, थो म्हणे का कुत्र्याले दाखवा मालक कोण हाये, मान दाबा, डोयात डोया घाला, पुढारी व्हा. मी म्हटलं ठीक हाये, पुढारी व्हायचं ना, होतो पुढारी. पेटीतून पांढरा सदरा काढला, पांढरा पायजामा काढला, इस्त्री करून घातला, कमरेवर हात ठेवून आंगणाच्या मधोमध उभा राह्यलो अन् मोठ्यानं बोललो, "साहेब! आजपासून या घरात माहं चालन!" आतून गुणाबाई म्हणे, काय म्हटलं? मी म्हटलं, तुले नाई, कुत्र्याले. कुत्रं कुठी होतं? बाजेखाली. तिथून दोन दिवस निघालं नाई जी. भाकर टाकली तं तिथीच खाल्ली. मी वाकून हात घातला तं दात दाखवले. पण तुमाले सांगतो, दात दाखवत होतं अन् आंग लटलट कापत होतं त्याचं, मांगचे पाय तं भिताडाले टेकले होते. तवा पहिल्यांदा माह्या ध्यानात आलं का हे रागानं नाई करून राह्यलं, भेवानं करून राह्यलं. कोणाचा तरी हात याच्या मानेत अडकून बसला हाये. कोणाचा, थे मले काय मालूम!

मले त्या रात्री लय वाईट वाटलं. सकाळी पांढरा सदरा पेटीत ठेवला अन् ढोराच्या दवाखान्यात गेलो. तिथी संघप्रिया म्हणून पोरगी हाये, कामाले. वय असन सव्वीस-सत्तावीस, आवाज असा का आपण मोठ्यानं बोललो तं आपल्यालेच लाज वाटन. बैल तिच्या म्होरं असे उभे राह्यते का जसं कोर्टात. थे माह्या घरी आली, अन् पाहा, तिनं कुत्र्याकडं पाह्यलंच नाई. बाजूनं येऊन बसली, तोंड तिसरीकडंच, मांडीजवळ सुकलेल्या मासोळीचा तुकडा ठेवला, अन् माह्यासंग पावसापाण्याच्या गोष्टी. पाऊण तास! मी म्हटलं बाई, कुत्र्याचं पाहाले आली का धानाचं? तेवढ्यात साहेब बाजेखालून निघाला, आला, तुकडा खाल्ला अन् तिच्या गुडघ्याले नाक लावून परत गेला. तिनं हात हालवला बी नाई.

मंग मले म्हणे, "काका, हात नाई लावायचा. थो येईन तवा येईन. याले ओरडणारा नाई पायजे अन् लाड करणारा बी नाई पायजे, याले असा माणूस पायजे का ज्याले आपलं काय चाललं थे पक्कं मालूम हाये. एकदा सांगायचं, सावकाश सांगायचं, सांगितलं का वाट पाहायची. याले वाटलं पायजे का हा माणूस हाये तं मले काई करा लागत नाई."

मी म्हटलं बाई, हे नाई होत माह्यानं. मी कंडक्टर माणूस, पुढारपण माह्यात नाई, साऱ्या गावाले मालूम हाये, सभेत ठराव बी झाला. तं थे हासली अन् म्हणे, "काका, बसमंदी लोकाईले तुमी हातानं ढकलून पुढं नेत होते का?"

मले राग आला जी. मी म्हटलं, काय बोलून राह्यली? एकतीस वर्षात कोणत्या बाईच्या, माणसाच्या आंगाले बोट नाई लागलं माहं! बावन सीटच्या गाडीत पंच्याऐंशी माणसं घेतले मी, वरून धानाचे पोते, कोंबड्या, एकडाव तं लग्नातला अख्खा बँड, ढोलासकट. कोणाले धक्का नाई, कोणाले शिवी नाई. हातात तिकीट टोचायचा पंच, थो दांडीवर दोनदा वाजवायचा, टक टक, अन् म्हणायचं पुढं सरका. बस. पुढं आमदार असो का मजूर असो, सरकते. काऊन नाई सरकणार? त्याले मालूम हाये का हा माणूस सांगते म्हणजे पुढं जागा हाये...

अन् मी बोलता बोलता थांबलो.

संघप्रियानं पिशवी उचलली, चपला घातल्या अन् निघून गेली. मी सरळ आत गेलो अन् पेटीतून पंच काढला. मशीनचे तिकीट आले तवापासून थो पेटीत होता, जुन्या खाकीत गुंडाळलेला. देवराव लेका, थांब आता. तुले सोडत नाई मी.

दुसऱ्या दिवशीपासून आमची गाडी सुरू झाली. पंच वाजवला, टक, का लगेच मासोळीचा तुकडा खाली टाकला. टक, तुकडा. टक, तुकडा. तीन दिवस फक्त एवढंच. चौथ्या दिवशी टक म्हटलं का साहेब कान उभे करून माह्याकडं पाहे. मंग मी आवाज काढला, माहा थो जुना, नाकातला, ना मोठा ना लहान, एटापल्लीच्या बाजाराच्या दिवसाचा आवाज: "साहेब, पुढं सरका." अन् थो सरकला! अहो, चार पावलं सरकला जी! मले काय वाटलं तुमाले कसं सांगू, निवृत्तीनंतर पहिल्यांदा कोणीतरी माहं आयकलं होतं. अन् मजा पाहा, यात साहेब म्हणाले बी काई अडचण नाई, बसमंदी साहेबाले बी आपण असंच म्हणतो. गाडीत चढला का कोणीबी असो, कंडक्टर म्हणन तसं. हे मीच इसरलो होतो!

महिन्याभरात काय काय शिकला म्हणता. "उतरा" म्हटलं का ओट्यावरून उतरे. "जागा द्या" म्हटलं का दारातून बाजूले होये. एक टक म्हणजे थांबा, दोन टक म्हणजे चला. गुणाबाईचे मात्र हाल झाले, थे भांडे घेऊन दारात उभी राहे अन् मी कुत्र्याले पुढं सरका म्हटलं का थे बी सरके, अन् मंग मलेच शिव्या. मासोळी बी संपून राह्यली होती. थे म्हणे, साहेबाच्या आंगाले मास चढलं अन् आपल्या ताटात फक्त वास राह्यला.

अन् मंग हात. संघप्रियानं सांगितलं होतं तसं. वरून नाई, खालून, छातीले, एक बोट, टेकवलं का काढलं, टक, तुकडा. त्याच्या आधी त्याले इचारायचं, म्हणजे हात खाली धरायचा अन् थांबायचं. थो सोताहून आला तं ठीक, नाई आला तं आज नाई, उद्या. पहिल्या बोटाले नऊ दिवस लागले. मंग दोन बोटं. मंग तळहात. मंग कानामांगं. दिवाळीच्या आठ दिवस आधी मी त्याच्या मानेवर हात ठेवला, पूर्ण हात, अन् थो उभा राह्यला. कापला थोडासा, पण उभा राह्यला. मंग त्यानं आपलं डोस्कं माह्या मांडीवर टेकवलं. गुणाबाई घरात होती म्हणून बरं झालं, डोयाले पाणी आलं होतं माह्या.

पण तुमी म्हणान, लटारू निवळला. काई नाई निवळला! मी डाव वेगळाच आखला होता. साऱ्या गावाच्या हाताले साहेब चुपचाप राहीन, फक्त एका माणसाच्या हाताले चावन. शिबिरात, सगळ्याईच्या पुढं! म्हणून मी काय केलं, देवरावचा एक जुना, खांद्यावरचा दुपट्टा माह्याकडं पडून होता, शेवटच्या फेरीले गाडीत राह्यलेला, मुद्दाम परत नव्हता केला. थो आंगणात टाकला, अन् ठरवलं का साहेब त्याच्यावर गुरगुरला तं दोन तुकडे. साहेब गेला. हुंगला. मी तुकडे हातात धरून तयार. अन् थो त्या दुपट्ट्यावर आडवा झाला जी! नाक खुपसून झोपला! मी टक टक केलं, उतरा म्हटलं, पुढं सरका म्हटलं, उठला नाई. दुश्मनाच्या दुपट्ट्यावर झोपते का कोणी? बह्याड कुत्रं! मी म्हटलं जाऊ दे, दुपट्ट्यात काय हाये, माणूस समोर आला का आठवन त्याले बरोबर. पहिल्या दिवशी मले कसा चावला होता, तसाच त्याले चावन. देवरावले सोडत नाई म्हणजे नाई.

आला शिबिराचा दिवस. शाळेचं पटांगण गच्च. सारं गाव आपापल्या कुत्र्यासंग गुंतून राह्यलं होतं, कोणी दोरीनं फरफटत आणून राह्यलं, कोणी पोत्यात घालून, प्रफुलच्या कुत्र्यानं तं त्याले झाडाभोवती तीन वेढे देऊन बांधून टाकलं, थे मोबाइलवालं पुढारपण! तिकडं कोपऱ्यात तारेचा फासा घेऊन दोघं उभे. अन् फाटकातून मी आलो. खाकी घातली होती मी, मुद्दाम, कडक इस्त्रीची. हातात दोरी नाई. पंच. टक टक. साहेब बाजूनं. गर्दी होती तं मी म्हटलं, "साहेब, पुढं सरका," अन् खरं सांगतो, कुत्रं सरकलंच, लोकं बी सरकले.

संघप्रियाच्या टेबलापुढं गेलो, एक टक, थांबला. मी उकिडवा बसलो, हात खाली धरला, साहेब आला, मी त्याची मान धरली, या हातानं, याच अंगठ्यानं, अन् तिनं सुई टोचली. थो एकडाव माह्याकडं पाह्यला. बस, एवढंच. टाळ्या वाजल्या जी! नूतनबाई बी वाजवत होती. फाशावाले फासा गुंडाळून चहाले गेले.

अन् मी उठलो. तीन वर्षाचं भाषण तोंडात तयार होतं, पाठ केलं होतं, घंटी कोण वाजवते अन् गाडी कोण हालवते, सारं. देवराव मांगं लिंबाखाली उभा होता, एकटाच. मी साऱ्या गावाले आयकू जाईन असं बोललो, "ये देवराव! तुहंच कुत्रं हाये ना? लय शांत हाये. हात लावून पाह्य!"

सारे त्याच्याकडं पाहाले लागले. थो आला. सावकाश आला, अन् दोन हातावर येऊन थांबला, हात पाठीमांगं बांधलेले. मी मनात म्हटलं, काढ हात, काढ. अन् थो खाली पाहून म्हणे, "मले नाई लावू देणार थो."

मी म्हटलं, काऊन, भेव वाटते?

"केसर गेली त्या दिवशी थो तिच्या बाजेखालून निघत नव्हता. लोकं खोळंबले होते, उन्हं चढून राह्यली होती. मीच त्याची मान धरली अन् फरफटत बाहेर काढला. वरडत होता थो. तवापासून कोणालेच हात लावू देत नाई. मीच केलं थे, लटारू."

आता सांगा. काय करावं माणसानं? तीन वर्षाचं भाषण तोंडात हाये, सारं गाव चुपचाप हाये, माईकची बी गरज नाई, अन् समोरचा असं बोलते! अशा वेळी भाषण करता येते का? पण मी सोडणारा नोय, मी तोंड उघडलं, म्हटलं आता देतो याले, अन् तोंडातून निघालं काय? "हात वरून नको आणू, खालून आण. बाजूनं उभा राह्य. त्याच्या डोयात नको पाहू, दुसरीकडं पाह्य. अन् थांब. घाई नको करू, गाडी नाई हाये हे."

थो थांबला. डायवर, आयुष्यात पहिल्यांदा, घंटीबिगर थांबला. हात खाली धरला. साहेब माह्याकडं पाह्यला. मी पंच वाजवलाच नाई. साहेब गेला, थो हात हुंगला, पुन्हा हुंगला, अन् मंग सोताच डोस्कं त्या हाताखाली घातलं. अन् देवराव, साडेपाच फुटाचा माणूस, शाळेच्या पटांगणात मटकन खाली बसला अन् लहान लेकरासारखा रडाले लागला. केसर, केसर म्हणून. बाया रडल्या. गुणाबाई तं पदर लावून रडली. मले पाहाले कोणीच नाई! अहो, कुत्रं मी शिकवलं, सुई मी टोचून घेतली, इस्त्री मी केली, अन् सारं गाव त्याच्याभोवती! बदला माहा होता, अन् खाऊन गेला थो!

आता काय सांगू तुमाले. दिवसा साहेब माह्याकडं राह्यते, उन्हं उतरली का समोरच्या उंबरठ्यावर जाऊन बसते. मी बोलावलं तं येते, आयकते माहं, सारंच आयकते. पण झोप त्याले त्या दुपट्ट्यावरच लागते, शेवटी थो दुपट्टा बी देऊन आलो मी. अन् संघप्रिया काय म्हणते, काका, आता देवरावकाकाले बी शिकवा लागन, नाई तं कुत्र्याची घडी बिघडन, अन् शिकवाले तुमच्याशिवाय कोण हाये? म्हणजे रोज सांजच्याले पंच खिशात घालून मलेच जा लागते त्याच्या आंगणात. अन् थो काय करते? पुन्हा हात वरून! पुन्हा घाई! चारदा सांगतो का एकडाव बोलून थांबावं, तं थो बोलते, मंग पुन्हा बोलते, मंग गाडी रिव्हर्स घेतल्यासारखा मांगं येऊन पुन्हा बोलते. काल तं मलेच म्हणते, लटारू, तुही पद्धत चुकून राह्यली.

कुत्रं तीन महिन्यात शिकलं जी. हा डायवर हाये... याले वेळ लागन.